मान टाकायचा खडक

तळ्याकाठी पन्नासेक माणसं ताटकळत उभी होती, एका खडकावर पडून मरायला.

म्हणजे फोटोपुरतं मरायला. त्या गाजलेल्या सिनेमात नायिका या खडकावर मान टाकते, तेव्हापासून ज्याला त्याला इथे येऊन मान टाकायची असते. मागे एवढा डोंगर, पुढे एवढं तळं, पण तिकडे बघायला सवड कुणाला!

"मेंढरं नुसती!" जन्मभर सिनेमाचे सेट बांधलेला म्हातारा बायकोला म्हणाला. "अगं, खरा खडक त्या दिग्दर्शकाला पसंतच नव्हता. त्यावर ऊन नीट पडेना. म्हणून मी वीस पावलांवर त्याची हुबेहूब नक्कल केली. तारेची जाळी, वर गोणपाट, वर सिमेंट. आतून पोकळ! आणि हे दीडशहाणे तिच्यावर लोळतायत."

"वीस वर्षं ऐकतेय मी हे," बायको म्हणाली आणि दुखरे गुडघे चोळत बसायला जागा शोधू लागली.

हेच तर त्याला खुपत होतं. पडद्यावर त्याचं नाव कधी आलं नाही, आणि ही माहेरी सांगायची, 'हे रंगकाम करतात.' मग मेहुणे त्याला ओल आलेल्या भिंती दाखवायचे! आज मात्र तो पुरावा देणार होता. सेटवाल्यांची एक रीत असते. काम ओलं असतानाच, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने, खालच्या कडेला अंगठा दाबून ठेवायचा. त्याच्या डाव्या अंगठ्याला करवतीची खाच होती. तो ठसा तिला दाखवायचा, एवढ्यासाठी त्याने तिला चार तास बसमधून आणलं होतं.

तो रांग मोडून घुसला. मान टाकलेल्या एका बाईंना त्याने उठवलं आणि खडकाची कड चाचपली. ठसा नाही. पलीकडून चाचपली. नाही. शेवटी या सगळ्यांची एकदाची जिरवावी म्हणून त्याने दात-ओठ खाऊन खडकावर मूठ हाणली.

खडक अस्सल होता. बोटांची सालटी निघाली.

"आजोबा, ऊन लागलं का?" कुणीतरी विचारलं आणि अख्खी रांग खो खो हसली.

म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गर्दी जिथे, तिथे आपला खडक, असं त्यानेही धरून चाललेलं! मेंढरांना हसता हसता स्वतःच त्यांच्या मागे गेला होता गाढव.

तेवढ्यात मागे, वीस पावलांवर, काडकन आवाज झाला. बायको ज्या खडकावर टेकली होती तो खचला होता, आणि ती कमरेपर्यंत आत.

"अहो बाई, निसर्गाचं वाटोळं करताय!" पहारेकरी शिट्टी फुंकत धावला, मागोमाग म्हाताराही.

तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गंजक्या जाळीतून सुटलेला कडेचा तुकडा तिने उचलला, उलटा केला आणि नवऱ्याचा डावा अंगठा धरून त्यातल्या खळग्यात ठेवला. खाचेसकट बसला.

"यांनी केलाय हा," ती पहारेकऱ्याला ठणकावून म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "बसण्याजोगा तरी करायचा होता!"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. रांगेकडे हात करून तो ओरडणार, तोच तिने त्याची बाही ओढली.

"गप्प बसा. मरू देत त्यांना तिकडेच," तुकडा पिशवीत टाकत ती म्हणाली. "मला आधी बाहेर काढा."