रस्ता नसलेला सिनेमा

मी एका जुन्या विनोदी सिनेमाची प्रत. राजधानी सान्तियागोतल्या चित्रपट संग्रहालयाच्या तळघरात, पत्र्याच्या चपट्या डब्यांत पडून आहे. अंगाला आंबूस वास येतो, कडा आक्रसल्यात. थोड्याच दिवसांत मला यंत्रावर चढवताही येणार नाही म्हणतात. तोवर बोलून घेते.

माझा जन्म १९७२ सालचा, चिलीतल्या ताल्काउआनो बंदरातला. गोष्ट साधीच. एक देखणा न्हावी, एक मासेवाली आणि दोघांच्या मध्ये येणारी तिची आई. दिग्दर्शक गुमेर्सिंदो सगळ्यांना बजावायचे, "राजकारण नको. लोक जेवतानासुद्धा भांडतायत सध्या. दीड तास हसू द्या बिचाऱ्यांना."

पण चित्रीकरण रस्त्यावर होतं, आणि रस्ता त्यांचं थोडाच ऐकणार! न्हावी मासेवालीच्या मागे धावतो, तेव्हा त्यांच्या पाठीमागे पावासाठी भलीमोठी रांग लागलेली. भिंतीभिंतीवर घोषणा, रंगीत चित्रं. त्यातच कोपऱ्यावरून गोदी कामगारांचा मोर्चा वळून आला. "थांबवा! थांबवा!" गुमेर्सिंदो ओरडले. कॅमेरावाला मात्र चालवतच राहिला. पुन्हा घ्यायला फिल्म उरली नव्हती, म्हणून ते सगळं माझ्यात तसंच राहिलं.

त्या मोर्चात एलिसेओ होता. बुटका, कान पुढे आलेले, समोरचा एक दात पडलेला. कॅमेरा दिसताच त्यानं टोपी काढून हलवली आणि तोंडभर हसला.

गावातल्या थिएटरात मी लागले तेव्हा पावाची रांग पाहून लोक ओरडले, "अरे, इथं पण रांगच दाखवताय होय?" एलिसेओ दिसला आणि त्याची बायको ओफेलिना लाजून चूर झाली. "माकडासारखी टोपी काय हलवतोस रे! आख्ख्या गावानं बघितलं."

"बघू दे की. हिरोपेक्षा मीच बरा दिसतोय."

"आरशात बघ एकदा," ती म्हणाली, पण हसत होती.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात सैन्यानं देश ताब्यात घेतला. एलिसेओला घरातून उचललं. जाताना शिपायांनी भिंतीवरचे, ट्रंकेतले सगळे फोटोही नेले. ओफेलिना छावणीच्या दारात रोज जाऊन उभी राहायची. "या नावाचा कुणी माणूस आमच्याकडे नाही," एवढंच उत्तर मिळायचं. तेव्हा ती पोटुशी होती.

मुलगी झाली. तिचं नाव इर्मा. तिला घेऊन ओफेलिना एका दुपारी थिएटरात आली. सिनेमा चालवणारा म्हातारा बाउदिलिओ तिथं एकटाच होता.

"काका, तुमच्याकडे तो सिनेमा आहे ना अजून? हिला हिचा बाप दाखवायचाय."

बाउदिलिओनं दाराला आतून कडी लावली. मी सुरू झाले. रिकाम्या थिएटरात ती बाळाला उंच धरून म्हणत होती, "तो बघ. टोपीवाला. दिसला का गं?" बाळ प्रकाशाकडे बघत होतं. मग दर गुरुवारी ती येऊ लागली. एलिसेओ क्षणभरच दिसायचा, पण तेवढ्यासाठी ती भर पावसात चालत यायची. माणसं हसण्यासाठी माझ्याकडे येतात हे मला ठाऊक होतं. रडून हलकं होण्यासाठी आलेली ती पहिलीच.

मग हुकूम निघाला. जुने सिनेमे तपासल्याशिवाय दाखवायचे नाहीत, आणि भिंतींवरच्या घोषणा, मोर्चे, रांगा असतील तिथं कापून टाकायचे. राजधानीतली माझी दुसरी प्रत, मूळ फिल्मसकट, त्यांनी आधीच जाळली होती. मला कापायला स्वतः गुमेर्सिंदोच आले. फार वाळले होते. हातात कात्री होती.

बाउदिलिओ म्हणाला, "साहेब, तेवढं ठेवा. तिथं एक माणूस आहे हो."

"कुठला माणूस? माझ्या गोष्टीत रस्त्यावर कुणी नाही."

"मग तुकडा तरी मला द्या."

"तुकडे मोजून त्यांच्याकडे जाळायला द्यायचेत. मलाही बायकोपोरं आहेत, काका." त्यांनी कात्री चालवली. मग माझी टोकं चिकटवता चिकटवता पुटपुटले, "गोष्टीचं काही बिघडत नाही."

ते खरंच होतं. काहीच बिघडलं नाही. मासेवालीचा हात खाली असतो तो एकदम वर दिसतो, पडदा जरासा दचकतो आणि गोष्ट पुढे जाते.

गुरुवारी ओफेलिना आली. सांगायची बाउदिलिओला हिंमत झाली नाही. त्यानं मला लावलं. जोड येऊन गेला. ती तशीच बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, आज लवकर गेला का हो तो?"

पुढे माझ्यावरून टीव्हीसाठी नक्कल झाली. दर सुट्टीत मी घराघरांत लागायचे. लोक म्हणायचे, "बघा, तेव्हा रस्ते कसे मोकळे होते! किती शांतता!" नंतर मी या संग्रहालयात आले, तर इथंही एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना म्हणाले, "त्या काळातल्या साध्या माणसाला राजकारणाशी देणंघेणं नव्हतं, हे या सिनेमात स्पष्ट दिसतं." मला ओरडावंसं वाटलं. मी बाहत्तर साली जन्मले खरी, पण माझ्यात आता बाहत्तर साल नाही. आहे ती फक्त त्यानंतरची भीती.

गेल्या वर्षी ओफेलिना इथं आली. काठी टेकत, इर्माचा हात धरून. इर्माचेही केस आता पांढरे झालेत. संग्रहालयातल्या मुलीनं त्यांना बसवून मला लावलं. कापलेल्या भागात काय होतं, ते तिला ओफेलिनाच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून ठेवायचं होतं.

"आजी, टीव्हीवर बघायचात का तुम्ही हा?"

"एकदाही चुकवला नाही. वाटायचं, जोडला असेल कुणीतरी परत."

"आणि एलिसेओ कसे दिसायचे, आठवतं?"

"न आठवायला काय झालं?" ओफेलिनाचा चेहरा उजळला. "उंच होता. केस असे मागे वळवलेले. हनुवटीला खळी. हसला की सगळे दात मोत्यासारखे."

इर्मानं मान वर केली. समोर पडद्यावर न्हाव्याचं काम करणारा नट हसत होता. उंच, केस मागे वळवलेले, हनुवटीला खळी.

इर्मा आईकडे बघत राहिली. तिनं आईची शाल सारखी केली. संग्रहालयातल्या मुलीनं यंत्र बंद केलं आणि म्हणाली, "छान सांगितलंत, आजी."

माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं असतं तर मी सांगितलं असतं. पण जो तुकडा खरं सांगू शकला असता, तो कधीच जळून गेला. आता खरा एलिसेओ कुठेच नाही. मातीत कुठं आहे ते कुणी सांगत नाही, फिल्मवर नाही, आणि तिच्या डोळ्यांतही नाही.

मला पाहाल तेव्हा हसा, त्यासाठीच मला काढलं होतं. फक्त माझ्याकडे बोट दाखवून, तो काळ असा होता, असं कुणाला सांगू नका.