डाव्या बाजूचा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक आहे, आणि तोही दुसऱ्या नंबरचा. गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो तो माझा थोरला भाऊ. मी डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी. ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत शिकणारा गडबडला, तर शिकवणाऱ्याला गाडी थांबवता यावी म्हणून मला बसवतात. लग्नातल्या करवलीसारखं माझं आहे. काम थोडं, पण जागेवर हजर हवंच.

माझा जन्म इंदूरचा, कापड मिलचं फाटक कायमचं बंद झालं त्या वर्षीचा. श्रीपाद त्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते. चाळीस मागांवर त्यांची नजर. त्यांच्या हाताखालून डागी तागा कधी बाहेर पडला नाही म्हणे. विणणारा चुकायच्या आतच यांचा हात मागावर पोहोचायचा. मिल गेली. तेव्हा शहरात घरोघरी नव्या मोटारी येऊ लागल्या होत्या, पण त्या चालवायच्या कोणी? श्रीपादांनी एक जुनी फियाट घेतली आणि जुन्या इंदुरात क्लास काढला. मिलचेच फिटर जयसिंगराव. त्यांनी भंगारातली एक लोखंडी पट्टी कापली, वाकवली, सळईनं माझ्या थोरल्या भावाशी जोडली, आणि झालो मी.

"लो श्रीपाद भिया," ते इंदुरी थाटात म्हणाले, "आता पुऱ्या इंदूरला शिकव!"

माझी सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची गेली. सायकलवाला आडवा आला, की दाब मला. गाय बसलेली दिसली, की दाब मला. शिकणाऱ्याच्या लक्षात यायच्या आधीच गाडी उभी! श्रीपादांच्या चपलेची टाच मी अंधारातही ओळखली असती. आया म्हणायच्या, "काकाजींकडे पाठवलं की चिंता नाही." मला वाटायचं, ही सगळी वाहवा माझीच. मी फुगून जायचो. लोखंडही फुगतं, मित्रांनो, हे मी अनुभवावरून सांगतो.

मग निखिलचं झालं.

निखिल आमच्याकडे शिकून पास झालेला कॉलेजचा मुलगा. लायसन्स हातात आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मामाची गाडी घेऊन पोहे-जिलबी खायला निघाला आणि एका पेरूवाल्याच्या हातगाडीवर जाऊन आदळला. पेरूवाल्याचा पाय मोडला. श्रीपाद इस्पितळात गेले, आणि परतताना निखिल आमच्या गाडीत बसला. रडून रडून डोळे सुजलेले.

"ब्रेक का नाही दाबलास, बेटा?" श्रीपादांनी विचारलं.

"काकाजी, खोटं नाही सांगत. मी वाट बघत बसलो. मला वाटलं, गाडी थांबेल. रोज थांबायची ना!"

श्रीपादांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन उभी केली. त्या दिवशी मला कळलं की मी आजवर मुलांना वाचवलं होतं, पण थांबायला शिकवलं नव्हतं. आणि त्यांनाही कळलं. त्यांनी क्लासची पाटी उतरवून ठेवली.

आठ-दहा दिवसांनी सुनंदाबाई आल्या. त्यांचे यजमान श्रीपादांच्याच खात्यात होते, मिल सुटल्यापासून घरी बसलेले.

"भाऊजी, मला गाडी शिकवा. राऊ गावच्या शाळेची व्हॅन चालवायचं काम मिळतंय. बारा पोरं आहेत."

"वहिनी, नको. माझ्याकडे शिकून पोरं न्यायची म्हणता? निखिलचं ऐकलं नाही का?"

"ऐकलं, म्हणून तर आले. आता तुम्ही चुकीचं शिकवणार नाही."

दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा लागली.

मिलमागचं मैदान ओसाड पडलं होतं. तिथे श्रीपादांनी खोक्यांची रांग मांडली, सुनंदाबाईंना स्टिअरिंगवर बसवलं, आणि स्वतः चपला काढून सीटवर चक्क मांडी घातली.

"हे काय भाऊजी? जेवायला बसलात की काय?"

"पाय माझा ऐकत नाही, वहिनी. म्हणून बांधून ठेवलाय. आज गाडी तुमची."

पहिल्या दिवशी चार खोकी चपटी झाली. सुनंदाबाई संतापल्या. "तुम्ही दाबला का नाही?"

"तुम्ही का नाही दाबला?"

"अहो, खोकं एकदम समोर आलं!"

"खोक्याला पाय आहेत का वहिनी? ते सकाळपासून तिथंच आहे. तुम्ही बॉनेटकडे बघत होतात. लांब बघा. दिसलं की आधी वेग सोडा, मग विचार करा."

महिनाभर मी नुसता पडून होतो. सुरुवातीला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एकेक खोकं वाचू लागलं, तसा मीही मनातल्या मनात मोजू लागलो.

मग रस्ता आला. रस्त्यावर श्रीपादांनी मांडी घातली नाही. मैदानातली हिंमत रस्त्यावर दाखवायची नसते, हे ते पक्कं जाणून होते. पाय माझ्यावर अलगद ठेवलेला. गल्लीत एक टेम्पो उभा होता. आम्ही जवळ येतोय, तोच त्याच्या पुढून एक चिमुरडी दह्याचा डबा घेऊन धावत आडवी आली.

श्रीपादांची टाच माझ्यावर टेकली. मी दबायला तयार झालो. पण गाडी उभी होती. आधीच! मुलीच्या आणि आमच्यामध्ये दोन हात अंतर होतं. तिनं डबा सावरला, आमच्याकडे रागानं बघितलं आणि निघून गेली.

श्रीपाद सुनंदाबाईंकडे वळले. "वहिनी... कसं कळलं?"

"टेम्पोच्या खालून पाय दिसले, भाऊजी. बारके बारके. तेव्हाच वेग सोडला होता मी."

श्रीपादांनी पाय माझ्यावरून उचलला आणि मागे घेतला. इतकी मोकळी टाच मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

जूनपासून सुनंदाबाई राऊची व्हॅन चालवू लागल्या. चौकात पोरं "काकी, पळवा ना!" ओरडायची, आणि काकी म्हणायच्या, "घरी तुमच्या आया वाट बघतायत, म्हणूनच पळवणार नाही." निखिलही परत आला. आधी पेरूवाल्याला भेटून आला, मग मैदानात खोक्यांसमोर स्टिअरिंगवर बसला. त्यानं नऊ खोकी मोडली. दहावं वाचलं.

आता मी गंजलोय. फार दिवसांत कोणी मला दाबलं नाही, आणि मित्रांनो, हीच माझी कमाई. पण एक ध्यानात ठेवा. तुम्ही उद्या स्कूटर घ्याल, मोटार घ्याल. शेजारी दोस्त असेल, गाणी असतील, घाई असेल. मी मात्र नसेन. म्हणून लांब बघा, टेम्पोच्या खालूनही बघा, आणि वेग थोडा आधीच सोडा. तिथे कोणाचे तरी बारके पाय असतील.