कारखान्याजवळचा थांबा

मी एक जुनी बस आहे, मित्रांनो. माझ्या खडखडाटाला हसू नका. तरुणपणी मीही गुळगुळीत होते. माझा पत्रा ठोकणाऱ्या कारागिराने माझ्यावरून हात फिरवून "झकास!" म्हटले होते.

शहर एकच, पण प्रत्येक थांब्याची सकाळ वेगळी. उंच इमारतींच्या भागात माझ्यात पाय ठेवायला जागा नसते. कामाला उशीर झाला की लोक माझ्यावरच डाफरतात. रंगाचा कारखाना बंद पडल्यापासून तिथला थांबा मात्र ओस पडत गेला. आधी हातातले जेवणाचे डबे दिसेनासे झाले, मग माणसे. शेवटी इस्पितळातल्या चादरी धुणारी एक ताई तेवढी उरली.

एकदा कंडक्टर तिला हळूच म्हणाला, "ताई, उद्या मोठे साहेब येणारेत. कुणी चढताना दिसलं नाही, तर हा थांबा बंद करतील."

"अहो, मग मी कामावर जाऊ कशी? घरात कमावती मी एकटीच!"

"मग चार माणसं गोळा करा की!"

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, थांबा गच्च! तिचा नवरा, दीर, शेजारचे भाऊजी, सगळे कारखान्याचे जुने, इस्त्री केलेले कपडे घालून उभे. आनंदाने माझ्या खिडक्यासुद्धा थरथरल्या. पण लांबलचक पूल ओलांडताच पुढच्याच थांब्यावर ताई सोडून सगळे उतरले आणि घराकडे चालू लागले. पुढे जाऊन करणार काय? काम कुठे होते?

माझ्या मागच्या बाकावर बसलेल्या साहेबांनी ते पाहिले. "पुलापुरतेच बसतात? मग चालतच येतील."

ताई उठून म्हणाली, "साहेब, मी लांब जाते."

"तुम्ही एकट्याच ना?" साहेबांनी विचारले.

थांबा बंद झाला. घरचे पाणी भरून ताई पूल पळत ओलांडायची. मी तिच्या बाजूने निघून जायचे आणि मला फार वाईट वाटायचे. तिला कामावर सारखा उशीर होऊ लागला. मग एके सकाळी ती पुलावर दिसलीच नाही.

आता पुलापलीकडच्या थांब्यावरही डबे कमी दिसतात. परवा साहेब पुन्हा माझ्या मागच्या बाकावर येऊन बसले.

म्हणून सांगते, मित्रांनो, तुमच्या थांब्यावरच्या गर्दीला नावे ठेवू नका. आणि एखाद्या सकाळी बसायला सहज जागा मिळाली, तर खूश होण्याआधी विचारा, आज कोण आले नाही?