माझ्या कागदाला किती सोसतं

मी स्पीकर बोलतोय. तुम्हाला दिसतो तो लाकडी खोका म्हणजे माझं घर. आत राहणारा मी आठ इंची कागदी शंकू, पाठीला लोहचुंबक बांधलेला.

१९४६ साली मुंबईहून रेल्वेने परभणीला उतरलो आणि तिथून पाथरीच्या मठात आलो. माझ्या पाठीवर चिठ्ठी होती: सहा वॅट, पंधरा ओहम. ती वाचली फक्त महानंदाने. हैदराबादेत कॉलेज शिकून आलेली ही मुलगी तारांवर गज ओढून दिलरुबा वाजवायची. मठाचे कारभारी अण्णाराव तिचे काका. त्यांची अट होती: श्रावणी सोमवारी दारातल्या शेवटच्या ओळीला ऐकू आलं, तर दर सोमवारी वाजव, नाहीतर त्या जागी हार्मोनियम बसेल.

परभणीचे रेडिओवाले बन्सीधर मायक्रोफोन, बारा वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि मोटारीची बॅटरी घेऊन आले.

"आवाजाचं बटण पूर्ण फिरवू का?" त्यांनी विचारलं.

"त्याला सहाच वॅट सोसतात. निम्म्याच्या आत ठेवा, अन् तार पंधरा ओहमच्या खुणेला जोडा," महानंदा म्हणाली.

तरी उघड्यावर माझा आवाज पातळच निघाला. मी पुढे हवा ढकलतो तेव्हा मागून ओढतो; दोन्ही आवाज एकमेकांना खातात. म्हणून तिने पाठ बंद असलेला खोका करायला सांगितला.

"मागं खिडकी ठेव, आश्रुबा," अण्णाराव सुताराला म्हणाले. "जीव गुदमरंल त्याचा."

"काका, तो काय तुमचा पाहुणा हाय? बंदच करा, आश्रुबा."

सोमवारी तिच्या आईने, बसम्माने, नव्या वस्तूला भस्म लावायची रीत पाळली. ओल्या भस्माची तीन बोटं थेट माझ्या कागदावर ओढली. कागद भिजून जड झाला. पहिल्याच सुराला मी फडफडलो. पहिल्या खांबापलीकडे काही पोचेना.

"आणा हार्मोनियम," अण्णाराव म्हणाले.

महानंदाने मला पदराने टिपलं. "आई, भस्म खोक्याला लाव."

"देवाचं भस्म जड झालं व्हय त्याला?"

"भस्म न्हाई, पाणी. काका, हा उन्हात वाळंपर्यंत तुमी भजन म्हणा."

मी वाळलो. अण्णाराव स्वतः दारात चपलांपाशी जाऊन बसले. तिने गज ओढला. खर्ज खोक्यात भरला, माझा कागद थरथरला आणि सूर बाहेर पडले. वादन संपलं.

"काका, आलं का ऐकू?"

"मधलं जरा निसटलं," ते तिथूनच म्हणाले. "पुन्हा वाजव."

दोन वर्षं झाली. दर सोमवारी ते दारातच बसतात आणि दर सोमवारी त्यांचं काहीतरी निसटतं. माझी कड आता विरत चालली आहे. मी फाटलो तर नवा कागद आणा. पण सगळं ऐकू येतं अशी कबुली त्यांच्याकडून मागू नका.