पाणी नाही, झोपते

विशाखा साळवे नेमकं काय काम करते ते सांगणं अवघड होतं. म्हणून तिच्या आईनं गल्लीतल्या बायकांसाठी एक वाक्य ठरवून ठेवलं होतं, "जे मशीन अजून बनलंच नाय, ते आमची विशाखा चालवून बघती." ते जवळपास खरं होतं. औरंगाबादला चिकलठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत ती गाड्यांमध्ये बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांचं सॉफ्टवेअर तपासायची. खरा बोर्ड तयार होऊन यायला महिने लागत. तोवर ती त्याची नक्कल संगणकाच्या आत उभी करायची. खोटा प्रोसेसर, खोटी मेमरी, खोटी घड्याळं, आणि त्यावर सोडलेलं खरं सॉफ्टवेअर. नक्कल नीट जमली तर सॉफ्टवेअरला फरक कळत नाही. अशा नकलेला एम्युलेटर म्हणतात.

त्या कामातला सुरुवातीचा भाग तिला सगळ्यात जास्त आवडायचा. वीज मिळाली की बोर्डात सर्वांत आधी एक इवलासा प्रोग्राम जागा होतो, बूटलोडर. तो आजूबाजूला काय काय आहे ते चाचपतो, सगळं जागच्या जागी असलं तर मोठ्या प्रोग्रामला उठवतो आणि बाजूला होतो. अंधारात हात पुढे करून चालणाऱ्या माणसाकडं बघावं तसं विशाखा त्याच्याकडं बघत बसायची.

ते २०१६ चं साल होतं. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. मुकुंदवाडीत विशाखाच्या घरी नळाला कधी पाणी येईल याचा नेम नव्हता आणि गल्लीच्या तोंडाशी टँकरसाठी ड्रम मांडलेले असत. आणि तरी शहर वाढतच होतं. बीड बायपासला नवे फ्लॅट उभे राहत होते, आणि प्रत्येक इमारतीच्या आधी तिथं बोअरची गाडी येऊन उभी राहायची.

एप्रिलमध्ये एका दुपारी शंतनू तिच्या ऑफिसात आला. कॉलेजात तो तिच्या एक वर्ष पुढं होता. आता तो भूजलाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत होता. त्यानं पिशवीतून जेवणाच्या डब्याएवढी एक गंजलेली पेटी काढून टेबलावर ठेवली.

"खुलताबाद आणि वेरूळच्या पट्ट्यात आम्ही दहा-बारा वर्षांपूर्वी विहिरींवर या पेट्या बसवल्या," तो म्हणाला. "सेन्सर विहिरीच्या तळाला सोडलेला असतो. पाण्याची पातळी मोजायची आणि रोज मेसेजनं पाठवायची, एवढंच काम. यंदा एकामागून एक सगळ्या गप्प झाल्या."

"बॅटरी?"

"नवीन घातली. विहिरीवर मेलेली, ऑफिसात टेबलावर आणली तरी मेलेली. बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. आता सगळ्या काढून टाकणार आहोत. फक्त आत जुने आकडे राहिलेत, तेवढे निघतात का बघ."

"याआधी कधी बंद पडल्या होत्या?"

शंतनूनं आठवून पाहिलं. "तेरा साली काही पडल्या होत्या. पावसाळ्यात आपोआप सुरू झाल्या. लूज कनेक्शन असेल."

आकडे काढणं फारसं कठीण नव्हतं. विशाखानं पेटीतल्या साठवणीच्या चिपमधला सगळा मजकूर उतरवून घेतला. आकडे मिळाले, शंतनूला पाठवलेही. काम तिथं संपलं होतं. पण त्या मजकुरात आकड्यांबरोबर पेटीचा सगळा प्रोग्रामही आला होता, आणि तिनं तपासला तेव्हा बोर्डात कुठंही बिघाड दिसला नव्हता. जे धड आहे ते चालत का नाही, हे तिच्या डोक्यातून जाईना.

जेवणाच्या सुट्टीत ती नक्कल बांधायला बसली. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. बूटलोडर मेमरीत कुठं ठेवायचा तो पत्ताच तिचा चुकला होता. पत्ता बदलला तसा तो हलला, पण चार पावलांवर अडकला. एकच जागा पुन्हा पुन्हा वाचत राहिला. तिनं बोर्ड उलटसुलट करून पाहिला, चिपची जुनी माहितीपत्रकं शोधली, तेव्हा उलगडा झाला. तो घड्याळ स्थिर व्हायची वाट पाहत होता, आणि तिच्या नकली बोर्डावर ते घड्याळच नव्हतं. तिनं घड्याळ दिलं. मग त्याला मेमरी कमी पडली, तीही दिली. असं तो मागेल ते ती देत गेली. शेवटी तिनं त्याला बोलायला सिरियल पोर्ट, म्हणजे मजकूर बाहेर पाठवायची वाट, जोडून दिला. खऱ्या पेटीत या पोर्टाची टोकं झाकणाखाली होती, त्यांना कुणी कधी तार लावलीच नव्हती.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक ओळ उमटली. विशाखानं ती वाचली आणि हातातला घास तसाच राहिला.

PANI NAHI. ZOPTE.

आणि प्रोग्राम खरोखरच झोपला.

तिनं पुन्हा चालवला. पुन्हा तेच. बूटलोडर झोपायच्या आधी शेवटची कोणती जागा वाचतो ते तिनं शोधलं. ती सेन्सरची होती. तिच्या नकलेत सेन्सर नव्हता, त्यामुळं तिथं शून्य मिळत होतं. तिनं त्या जागी शून्याऐवजी खोटं पाणी भरलं. पुरुषभर पाणी.

PANI AAHE. UTHLE.

आणि त्यामागून मोठा प्रोग्राम धडाधड सुरू झाला, तारीख मागितली, पातळी मोजली, मेसेज पाठवायला टॉवर शोधू लागला.

तिनं शंतनूला फोन लावला. "तुझ्या पेट्या मेल्या नाहीत. विहिरी आटल्या म्हणून त्या झोपल्यात."

"काय सांगते! पण ऑफिसातही..."

"ऑफिसात तू सेन्सर जोडलाच नव्हता ना? पेटीला वाटलं, इथंही पाणी नाही. तेरा सालीही हेच झालं असणार."

शंतनू म्हणाला, "आम्ही तर भंगारवाल्याला बोलावून ठेवलंय."

"त्याला नको म्हण. आणि हे लिहिलं कुणी ते सांग. झोपते, उठले असं लिहिलंय. बाई असणार."

शंतनूनं संस्थेतल्या जुन्या लोकांना विचारलं. कंपनीच्या जागेवर आता फरशीचं मोठं शोरूम होतं. पण पेट्या बसवायला तेव्हा एक इंजिनिअर बाई स्वतः विहिरीत उतरत होत्या, हे एकाला आठवत होतं. शैला जहागीरदार. आता एका तंत्रनिकेतनात शिकवतात, राहायला सिडकोत.

शनिवारी विशाखा लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडं गेली. शैलाबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आधी विशाखाकडं आणि मग पडद्याकडं पाहिलं. ती ओळ पुन्हा उमटली तशा त्या खुर्चीच्या कडेवर सरकल्या.

"अगं, हे माझं आहे. पण बोर्ड कुठाय?"

"बोर्ड नाही, मॅडम. सगळं आतच आहे."

"आत म्हणजे? सेन्सर?"

"तोही खोटा. हा आकडा बदलला की पाणी बदलतं."

शैलाबाईंनी तो आकडा शून्य केला, पेटी झोपली. वाढवला, उठली. दोन-तीनदा तसंच केलं. मग हसून म्हणाल्या, "आम्हाला यासाठी बादल्या भरून गच्चीवर न्याव्या लागायच्या."

"पण झोपवली का?" विशाखानं विचारलं. "मी सगळं वाचलं. पाणी नसलं की ती झोपते, आणि दर वेळी आधीपेक्षा दुप्पट झोपते. आता त्यातल्या काही महिना-महिना उठत नाहीत."

"तेव्हा बॅटरी लवकर उतरायची. कोरड्या विहिरीत रोज उठून मेसेज पाठवत बसली असती तर पाऊस यायच्या आधीच संपली असती. मला ती पाणी येईल त्या दिवशी जिवंत हवी होती."

"आणि कोरडे दिवस?"

"त्यांचं काय?"

"मॅडम, त्यांची नोंदच नाही. विहीर कधी आटली, किती दिवस कोरडी राहिली, काहीच नाही. शंतनूच्या नकाशावर तिथं पेटी बंद असं लिहिलंय. दुष्काळ जिथं जास्त, तिथंच आकडे गायब."

शैलाबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, आणि तिथूनच त्यांचा आवाज आला. "आम्हाला पाणी मोजायचं होतं गं. नसलेलं पाणीही मोजायचं असतं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही." मग चहाचे कप घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बदलू या. पण बॅटरीचं काय करशील ते आधी सांग."

त्यावर दोघींचं बराच वेळ वाजलं. विशाखाचं म्हणणं, रोज उठव. शैलाबाई म्हणत, उठव, पण मेसेजसाठी टॉवर शोधण्यातच सगळी बॅटरी जाते, तो रोज नको. शेवटी नकली बोर्डावरच मोजून पाहिलं. रोज क्षणभर उठायचं, 'कोरडी' एवढंच आत लिहायचं, पुन्हा झोपायचं, आणि मेसेज आठवड्यातून एकदाच. बॅटरी वर्षभर सहज पुरत होती. बूटलोडरमध्ये थोड्याच ओळी बदलाव्या लागल्या. त्या शैलाबाईंनी स्वतः लिहिल्या, आणि अनेक वर्षांनी लिहीत असल्यामुळं दोनदा ओळीच्या शेवटचा अर्धविराम विसरल्या.

मे महिन्यात तिघं खुलताबादजवळच्या एका शेतात गेले. सत्यभामाबाई या शेताच्या मालकीण, पेटी त्यांच्याच विहिरीवर होती. विहिरीचा तळ वरून दिसत होता, भेगाळलेला, आणि त्यात एक बोकड चुकून पडला म्हणून लावलेली शिडी तशीच होती. शंतनूनं जुनी पेटी उघडली, विशाखानं तार जोडून नवा प्रोग्राम आत भरला. आता तळातला सेन्सर वर ओढून पाण्यात बुडवून बघायचा होता, आणि पाणी कुणीच आणलं नव्हतं.

"एक कळशी मिळेल का?" शंतनूनं विचारलं. "सांडणार नाही, परत देतो."

"परत कसं देता? पेटी पिणार नाय का?" सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांनी ड्रममधून कळशी भरून आणली. "म्हशीला पाजायचंय मागून. त्यात तेलबिल नाय ना लागलेलं?"

विशाखानं सेन्सर पदराला पुसावा तसा ओढणीला स्वच्छ पुसला आणि कळशीत सोडला. लॅपटॉपवर ओळ आली. शैलाबाईंनी ती मोठ्यानं वाचली, "पाणी आहे, उठले."

"कोण उठलं?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"ही पेटी. हिला पाणी लागलं की ती बोलते."

"मंग आत्ता काढून बघा बरं."

विशाखानं सेन्सर बाहेर काढला. PANI NAHI. NOND KELI. ZOPTE.

शैलाबाईंनी मराठीत वाचून दाखवलं. सत्यभामाबाईंनी पेटीकडं जरा वाकून पाहिलं. "नोंद केली म्हंते? कुठं जाती ती?"

"औरंगाबादला, आमच्या ऑफिसात," शंतनू म्हणाला. "कोणती विहीर कधीपासून कोरडी आहे ते तिथं कळेल."

"व्हय? बरं झालं. टँकरच्या साहेबाला आम्ही सांगतो का विहीर फेब्रुवारीत आटली, ते म्हंतेत मार्चात." आणि कळशी उचलून त्या म्हशीकडं गेल्या.

परत येताना दौलताबादचा घाट उतरल्यावर गाडीत शैलाबाई म्हणाल्या, "विशाखा, पाणी फार झालं तर काय होईल?"

"म्हणजे?"

"विहीर तोंडापर्यंत भरली तर. तेव्हा आम्हाला एवढं पाणी कुठं मिळणार होतं तपासायला? बादलीनं तर नाहीच. तुझ्याकडं हवं तेवढं आहे."

तिघं थेट विशाखाच्या ऑफिसातच आले. विशाखानं नकली बोर्ड सुरू केला आणि शैलाबाईंनी आकडा वाढवत नेला. अर्धी विहीर, पाऊण विहीर, काठ. सगळं ठीक. मग त्यांनी काठाच्याही वर, रस्त्यावर पाणी वाहतंय इतका आकडा टाकला.

PANI NAHI. NOND KELI. ZOPTE.

शंतनू मागून म्हणाला, "हे काय? महापुरात म्हणते पाणी नाही?"

विशाखाला आधी कळलं. "आकडा ठेवायला जागा कमी पडली. गाडीचं मीटर भरलं की पुन्हा शून्यापासून मोजतं ना, तसं झालं."

"दहा-बारा वर्षं," शैलाबाई म्हणाल्या, "ही चूक तिथंच बसून होती, आणि विहीर कधी एवढी भरलीच नाही म्हणून कुणाला दिसली नाही." त्यांना हसू आवरेना. विशाखाही हसायला लागली. मग शैलाबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि प्रोग्राममधली ती चुकलेली ओळ शोधायला लागल्या.

पाऊस सुरू व्हायच्या आत शंतनूच्या माणसांनी नवा प्रोग्राम सगळ्या पेट्यांत भरला. काही पेट्या खरंच गंजून गेलेल्या निघाल्या, बाकीच्या चालल्या. दर आठवड्याला ऑफिसात कोरड्या विहिरींचे मेसेज येऊ लागले, आणि शंतनूच्या नकाशावर जिथं 'पेटी बंद' होतं तिथं तारखा दिसायला लागल्या. सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात धुवाधार पाऊस झाला. वेरूळच्या बाजूच्या एका विहिरीवर पाणी काठाबाहेर गेलं, आणि पेटीनं ते बरोबर कळवलं.

शंतनूनं तो मेसेज विशाखाला पाठवला तेव्हा शनिवार होता आणि शैलाबाई तिच्या शेजारीच बसलेल्या होत्या. आता त्या दर शनिवारी येत. तंत्रनिकेतनातल्या मुलांसाठी त्यांना एक नकली बोर्ड हवा होता, साधा, ज्यात चुका मुद्दाम पेरता येतील. त्यांनी मेसेज वाचला, "छान" म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याकडं वळल्या.

"घड्याळ उलटं फिरवता येतं का गं यात?" त्यांनी विचारलं. "उद्याच्या नंतर काल आला, तर बिचारी काय करेल?"

"माहीत नाही," विशाखा म्हणाली आणि खुर्ची जवळ घेतली. "फिरवून बघू."