काडतुसं भरायचं यंत्र

दम्मामवर क्षेपणास्त्रं पडायला लागली तेव्हा घर सोडून निघालेल्यांनी बरोबर काय घेतलं? कुणी दागिने, कुणी मुलांचे शाळेचे दाखले. सिराजुद्दीनने जेद्द्याला मेहुण्याकडे निघताना गाडीत सगळ्यात आधी ठेवली ती पेटी. पेटीत होती काडतुसं भरायची जुनी हत्यारं: बारूद मोजायची पितळी मापं, ती ठासून दाबायच्या लाकडी ठासण्या, आणि गेल्याच आठवड्यात भंगारबाजारात हाती लागलेलं, पुठ्ठ्याच्या काडतुसाचं तोंड वळवून बंद करायचं, दांडा फिरवायचं यंत्र. असंच यंत्र रत्नागिरीकडच्या गावी त्याच्या आज्याकडे होतं. रानडुकरं शेतात उतरली की आजा ओटीवर बसून दांडा फिरवी, आणि लहानगा सिराज त्याच्या गुडघ्याला टेकून बघत राही. आजा गेला, यंत्र मोडीत गेलं. तसलंच मिळावं म्हणून हा माणूस बारा वर्षं बाजार पालथे घालत होता. बाकी बंदूक त्याच्याकडे नव्हती, बारूद तर चिमूटभरही नव्हती.

"लोक लढाईपासून पळतायत," त्याची बायको कुबरा म्हणाली, "आणि तुम्ही लढाईचं सामान घेऊन."

"हे शिकारीचं सामान आहे."

"चौकीवरच्या शिपायाला तेवढी फोड करून सांगा हां. इथे राहायचा परवाना, तो इकामा, काढून घेतला की जाऊन बसू आज्याच्या ओटीवर."

शेवटी तोड तिनेच काढली. कुणी विचारलंच तर शेवयांचं यंत्र म्हणायचं. दिसायला होतंही तसंच. सिराजुद्दीनने मान डोलावली.

रियाधच्या रस्त्याला लागल्यावर त्याने गावच्या गफूर मौलानांच्या वाजाची कॅसेट लावली. हे प्रवचन मौलाना अर्धं सांगत आणि अर्धं गात, आणि गळा असा गोड की ऐकणारा आपसूक डोलू लागे. त्या दिवशी नेमकी चोरांनाही खरं सांगणाऱ्या मुलाची गोष्ट चालली होती. मुलगा चोरांपुढे उभा राहिला, मौलानांनी सूर वर नेला, आणि समोर चौकी आली.

कुबराने कॅसेट बंद केली. सूर मात्र सिराजुद्दीनच्या कानात घुमतच राहिला.

तरुण शिपायाने पेटी उघडून यंत्र वर काढलं. "हे काय?"

कुबराने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"काडतुसं भरायचं यंत्र," सिराजुद्दीन अरबीत म्हणाला.

मागच्या सीटवरून दहा वर्षांची दुआ बोलली, "अब्बा, यू वेअर सपोज्ड टू से शेवया."

शिपाई दोन पावलं मागे सरला आणि त्याने तंबूकडे हाक मारली. पिकल्या दाढीचा हवालदार बाहेर आला. त्याने यंत्र हातात घेतलं, दांडा फिरवला, कान लावून ऐकलं, पुन्हा फिरवला. मग तो गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला आणि मागच्या गाड्यांची रांग विसरला.

"माझ्या बापाचं असंच होतं," तो म्हणाला. "हुबारा पक्ष्यांच्या शिकारीला जायचा तो." थोड्या वेळाने म्हणाला, "हे इथेच राहू दे. लढाई संपली की घेऊन जा."

 इकामा खिशात होता, आजा हातातून निसटत होता.

"शेख," तो म्हणाला, "मीही एकाची ठासणी अशीच आणली होती. बघून परत देतो म्हणून. सहा वर्षं झाली."

कुबराने डोळे मिटून घेतले. हवालदार मात्र दाढी हलेपर्यंत हसला. हा आपल्याच जातीचा रोगी, हे त्याला कळलं. त्याने यंत्र अलगद पेटीत ठेवलं, पण नजर पेटीतून निघेना. सिराजुद्दीनला ती नजर ओळखीची होती. त्याला भरून आलं. पेटीत हात घालून त्याने एक पितळी माप काढलं.

"हे ठेवा, तुमच्या वडिलांच्या नावाने. मला कमी पडणार नाही. अगदी असंच दुसरं आहे माझ्याकडे."

हवालदाराने माप डोळ्यांना लावलं, दुआच्या मांडीवर खजुरांची पिशवी ठेवली आणि पुढे जा म्हणून हात हलवला, "यल्ला."

गाडी चौकीपासून मैलभर पुढे आली. दम्मामात अकरा वर्षं काढलेल्या कुबराला अरबी चांगलं समजत असे.

"अगदी असंच दुसरं," ती म्हणाली.

"हं."

"दर खेपेला विकत घेताना सांगत होतात, असला नग जगात एकच, आज सोडला तर गेला."

सिराजुद्दीनने गाडीचा वेग वाढवला.

"आणखी कशाकशाचे दोन आहेत?"

"ठासण्यांपासून सांगू," तो म्हणाला, "की मापांपासून?"