ठकीला वाढवणारी साडी

मित्रांनो, मी एक जुनी सुती साडी आहे. खरं तर साडी तरी कसली, आता माझा हातभर तुकडाच काय तो उरला आहे. माझा रंग एके काळी जांभळा होता, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

मला कोणत्या मागावर विणलं ते मला ठाऊक नाही. माझी आठवण गोरेगावच्या बाजारातल्या एका दुकानापासून सुरू होते. सटवाजी नावाच्या माणसाने मला आपल्या बायकोसाठी, सोजराबाईसाठी, घेतलं. तिने मला गालाला लावून पाहिलं आणि म्हणाली, "मऊ हाय." माझं एवढंच कौतुक झालं, पण ते मला पुरलं. मला नेसून ती कापूस वेचायला जायची, पाव्हण्यांच्या लग्नाला जायची. धुण्याने मी आणखी मऊ होत गेले.

गावाबाहेर चिंचेची मोठी झाडं होती. त्यांवर शेकडो वटवाघळं उलटी लटकत. तिथेच वनखात्यातल्या शीतलताईंनी वटवाघळांसाठी एक केंद्र सुरू केलं. दोन खोल्या आणि एक भला मोठा जाळीचा पिंजरा, एवढंच ते होतं. तारांत अडकून जखमी झालेली वटवाघळं तिथे बरी करायची. जी उडू शकतील ती सोडून द्यायची. ज्यांना कधीच उडता येणार नाही, त्यांची पिल्लं तिथे जन्माला येऊ द्यायची आणि मोठी झाली की चिंचेवर पाठवायची. सोजराबाई तिथे फळं चिरायला आणि पिंजरा झाडायला जाऊ लागली.

सटवाजीला ते आवडलं नाही. "लोक अपशकुनी म्हणतेत त्या जनावराला. काहून जातीस?"

"लोकायला म्हणू द्या. तुमी एकदा येऊन बघा तर," ती म्हणायची. तो काही आला नाही.

मग अठ्ठ्याण्णव सालचा उन्हाळा आला. भर दुपारी वटवाघळं उन्हाने होरपळून चिंचेवरून खाली पडू लागली. एका मेलेल्या मादीच्या छातीला तिचं पिल्लू तसंच चिकटून होतं. सोजराबाईने हाताला पदर गुंडाळून ते अलगद सोडवलं. त्याने माझ्यात नखं रुतवली आणि काही केल्या सोडेना.

"ताई, लेकरू थरथर करून राहिलं!" असं म्हणत तिने माझा पदर टरकन फाडला.

"अहो मावशी, साडी!" शीतलताई ओरडल्या.

"ऱ्हाऊ द्या वो. लुगडं दुसरं मिळंल."

त्या दिवसापासून माझं नेसणं संपलं. माझे तुकडे झाले. एक तुकडा पिल्लाजवळ असे, दुसरा दोरीवर वाळत असे. माझ्यात गुंडाळून त्याला ड्रॉपरने दूध पाजत. ते पिल्लू मादी होतं. सोजराबाईने तिचं नाव ठेवलं ठकी. पडताना ठकीचा पंख मोडला होता, त्यामुळे ती कधी उडणार नव्हती. दूध प्यायली की ती माझ्यात तोंड खुपसून झोपायची. मित्रांनो, मला वाटायचं, आता हिची आई मीच.

एके दिवशी सटवाजी खिशात पेरू घेऊन आला. "बघायला आलो नुसतं," म्हणाला. मग रोजच येऊ लागला.

दोन वर्षांत ठकी मोठी झाली. पिंजऱ्यातल्या एका पंखाने अधू नराशी तिची जोडी जमली आणि एका सकाळी तिला पिल्लू झालं. इवलंसं, पण दोन्ही पंख धड. ते तिच्या पोटाशी कसंबसं लोंबकळत होतं. ठकी मात्र तोंड फिरवून बसली होती.

"काहून घेत न्हाई ती?" सोजराबाईने विचारलं.

"तिला आईने वाढवलंच नाही ना, मावशी. आई काय करते हे तिनं पाहिलंय कुठं?"

सोजराबाईने मला उचललं आणि जाळीचं दार उघडलं. शीतलताईंनी तिचा हात धरला. "थांबा. आत्ता आपण उचललं तर ती कधीच घेणार नाही. अगदीच निसटलं तर बघू."

सोजराबाई बाहेर बसली. मी तिच्या मुठीत पिळली जात होते. मलाही धावत जावंसं वाटत होतं. माझ्याशिवाय ते लेकरू जगेल कसं? सटवाजी जाळीला कपाळ टेकवून उभा होता.

पिल्लू चिरकलं. ठकीने मान वळवली. तिने त्याला हुंगलं, चाटलं आणि सावकाश आपला तो मोडका पंख त्याच्यावर ओढून घेतला.

"घेतलं! अगं घेतलं तिनं!" सटवाजीच आधी ओरडला. सोजराबाईने मला डोळ्यांना लावलं.

पुढे ते पिल्लू चिंचेवर गेलं. त्याच्यामागून आणखी कितीतरी गेली. काही वर्षांनी शीतलताईंची बदली झाली, केंद्र बंद पडलं, पिंजऱ्यावर वेल चढले. मी सोजराबाईच्या पत्र्याच्या पेटीत आले. कोपऱ्यात मला कसर लागली आहे. पेटी उघडली की सोजराबाई मला क्षणभर हातात घेते आणि परत ठेवते.

मित्रांनो, तुमच्या गावच्या झाडांवर वटवाघळं असतील तर त्यांना दगड मारू नका. त्यांनी टाकलेल्या बियांतून उंबर आणि जांभळं उगवतात. खाली पिल्लू पडलेलं दिसलं तर स्वतः हात लावू नका, मोठ्यांना बोलवा. तोवर कुत्री-मांजरं हाकला आणि दूर उभे राहा. त्याची आई वरून पाहत असेल. तिला यायला वाट ठेवा.